जन्मापासून न्यूट्रल

मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात दोन गोष्टी साठत जातात. एक जळकी तार आणि दुसरे किस्से. तार भंगारवाला उचलतो. किस्से कोण उचलणार? ते आपले कोपऱ्यात पडून राहतात, आणि चार जुने लोक जमले की कुणीतरी म्हणतंच, "अरे, ते पोत्याचं सांग ना!" सांगतो. पण मध्येच "खरंच का?" असं विचारायचं नाही. माझं डोकं फिरतं.

नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. नगरच्या एमआयडीसीत अगदी शेवटच्या गल्लीत आमचं पत्र्याचं शेड. मालक सॅम्युएल सर. आयटीआयमध्ये जन्मभर पोरांना मोटर शिकवली, रिटायर झाले, घरी बसवेना म्हणून दुकान टाकलं. शेतकऱ्यांच्या जळलेल्या पाणबुडी मोटरी भरून द्यायच्या, हा पोटाचा धंदा. आणि डोक्याचा धंदा म्हणजे विजेवर चालणारी मोटरसायकल! त्या काळी असं काही बोललं की लोक आधी बोलणाऱ्याचं तोंड हुंगायचे.

शेडमध्ये माणसं तीन. सर, मी वाइंडर, म्हणजे मोटरीत तार भरणारा, आणि रौफभाई मेकॅनिक. एका जुन्या मोटरसायकलचं इंजिन काढून रौफभाईंनी तिथे मोटर बसवली, दोन्ही बाजूंना बॅटऱ्या लटकवल्या. गाडी इतकी जड झाली की सर म्हणाले, "आता चालवणारा तरी हलका पाहिजे." रौफभाईंनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. झालो मी टेस्ट रायडर!

*

सरांचा सगळा जीव उतारात अडकलेला. सपाटीवर काय, कुणीही गाडी पळवेल, असं त्यांचं म्हणणं. "पेट्रोलची गाडी गेअरमध्ये ठेवून रेस सोडली की इंजिन तिला मागं ओढतं. आपल्या गाडीला इंजिनच नाही. मग उतारावर हिला धरणार कोण?"

उत्तरही त्यांचंच. रेस सोडली की चाक मोटरला फिरवणार. मोटर फिरली की वीज तयार होणार आणि परत बॅटरीत जाणार. वीज तयार करायला जो जोर लागतो, तोच चाकाला धरून ठेवणार. ब्रेकचा ब्रेक आणि वर चार्जिंग! हे सांगायला लागले की सरांचा चष्मा आपोआप कपाळावर जायचा.

पहिली टेस्ट एमआयडीसीच्या रस्त्यावर. सरांनी डोळे मिटून प्रार्थना केली, "प्रभू, हा मुलगा तुझ्या हाती सोपवतो."

रौफभाईंनी हळूच विचारलं, "और ब्रेक, सर?"

"ब्रेक मी बनवलाय," सर म्हणाले.

मी तेव्हाच पळून जायला हवं होतं. पण गाडीवर बसलेलो. निघालो. धूर नाही, आवाज नाही, नुसती चेनची किरकिर. मला जरा मजाही वाटायला लागली. लांबून सरांनी हात केला, मी रेस सोडली. आणि मागचं चाक कुणीतरी खुंटीला बांधल्यासारखं जागच्या जागी आवळलं! गाडी थांबली. मी नाही थांबलो. हँडलवरून जो उडालो तो थेट पलीकडच्या बाभळीखाली.

कोपर सोललं, गुडघा फुटला, तोंडात माती. बघतो तर सर धोतर सावरत पळत येताहेत. मला भरून आलं. म्हटलं, बापासारखा माणूस आहे! ते माझ्याजवळून तसेच पुढे गेले, गाडीवरच्या मीटरपाशी वाकले आणि लहान पोरासारखे ओरडले, "उलटा गेला! रौफ, काटा उलटा गेला! करंट परत आला!"

बाभळीखालून मी म्हटलं, "सर, मी पण परत येऊ का?"

*

रौफभाईंना हे सगळं थोतांड वाटायचं. त्यांचा देव वेगळा होता. त्याचं नाव न्यूट्रल. "घाट म्हणजे फुकटचा पेट्रोल पंप," असं ते म्हणायचे. घाटमाथा आला की गाडी न्यूट्रल, चावी बंद, आणि वाऱ्यावर खाली. त्यात त्यांचं काही चुकत होतं असंही नाही, कारण आपल्याकडे सगळेच तसं करायचे. दूधवाले, टेम्पोवाले, लग्नाची वऱ्हाडं. घाट गेअरमध्ये उतरणारा माणूस म्हणजे एकतर नवशिका नाहीतर सरकारी.

एकदा भरलेली मोटर पोचवायला आम्ही दोघे इमामपूरच्या घाटातून निघालो. रौफभाई पुढे, मी मागे, आणि माझ्या मांडीवर मोटर. माथ्यावर रौफभाईंनी न्यूट्रल टाकला, चावी काढली आणि विजारीच्या खिशात ठेवून दिली.

"भाई, चावी कशाला काढली?"

"हवा से गिर जाती है."

अर्ध्या घाटापर्यंत गार वारा, छान वाटत होतं. मग एका वळणावर रौफभाईंच्या खांद्याचा ताठरपणा मला जाणवला. ते ब्रेक दाबत होते आणि गाडी ऐकत नव्हती. ड्रम तापून लालबुंद झाला असणार, करपल्याचा वास माझ्यापर्यंत आला.

"चावी काढ! माझ्या खिशातनं चावी काढ!"

एवढ्या वेगात बंद इंजिनवर गेअर टाकला असता तर चाकच आवळलं असतं. एका हातानं मोटर धरून मी दुसरा त्यांच्या खिशात घातला. आधी कंगवा आला. मग सुपारीची पुडी. मग दाढदुखीच्या गोळ्या. "अरे, दुसऱ्या खिशात बघ!" समोरून ट्रक हॉर्न मारत वर येतोय, एका बाजूला दरी, आणि मी रौफभाईंच्या खिशातून दुकान मांडल्यासारखा एकेक वस्तू काढतोय. मला आईचा चेहरा दिसायला लागला होता.

ट्रक कसाबसा चुकवला, आणि पुढे कडब्यानं भरलेली बैलगाडी निघाली. दुसरा इलाजच नव्हता. रौफभाईंनी डोळे मिटले आणि आम्ही मोटरसकट त्या कडब्यात घुसलो.

गाडीवानानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाला, "कडबा इकायचा न्हाई, पाव्हणं. म्होरं जावा."

*

आता खरी भानगड. मला एक स्थळ आलं. मुलगी तिसगावची, नाव शोभा, बारावी झालेली. तिचे वडील किसनराव एसटीत ड्रायव्हर. उभी हयात करंजीच्या घाटात बस वरखाली करण्यात गेलेली. सगळा पाथर्डी तालुका त्यांना मामा म्हणायचा, म्हणून मीही मामाच म्हणायला लागलो.

रौफभाईंची मोटरसायकल मागून घेतली, मागे मामेभावाला बसवलं आणि मुलगी पाहायला निघालो. नगरकडून गेलं की करंजीचा घाट उतरावा लागतो, मग करंजी गाव, मग तिसगाव. घाट कसा उतरलो? अहो, कसा म्हणजे? जशी सगळी दुनिया उतरते तसा!

घरात जयभीम झालं, पाणी झालं. शोभा पोह्यांचा ट्रे घेऊन आली. तिनं एकदा सरळ माझ्याकडे बघितलं आणि मी सगळा अभ्यासच विसरलो. मी पगार, शिक्षण, एमआयडीसी अशी उत्तरं पाठ करून गेलो होतो. मामांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. मिशीवरून बोट फिरवत म्हणाले, "घाट कोन्च्या गेअरला उतरला?"

मला वाटलं, गंमत करताहेत. मी हसून म्हटलं, "न्यूट्रलमध्ये. पेट्रोल वाचतं ना!"

मामेभावानं पोह्याची बशी उचलली होती, ती तशीच हवेत राहिली.

"शोभे," मामा म्हणाले, "पोहे आत ने."

आणि खरंच नेले हो! माझी बशी माझ्या हातातून गेली. मामा उठून उभे राहिले. "मी घाटात मानसं उचलल्याली हायेत पोरा, माझ्या ह्या हातानं. समदी न्यूट्रलवाली. ज्या गेअरला चढायचं त्याच गेअरला उतरायचं, ह्यो आमचा कायदा. जो उताराला गेअर सोडतो, त्यो बायकू सोडायला किती येळ लावंल?"

मला घाम फुटला, आणि घाम फुटला की माझी जीभ सुटते. म्हणालो, "मामा, ही गाडी मागून आणलेली आहे. आमची स्वतःची गाडी विजेची आहे. ती उतारावर आपोआप धरते. ब्रेकला हात लावायचं कामच नाही!"

"आसं? गेअर किती हायेत तिला?"

"गेअर... नाहीत."

"एकबी न्हाई?"

"नाही."

"म्हंजी जल्मापास्नं न्यूट्रल!" मामा कडाडले. मग परत खाली बसले. "बरं. बोलला हाईस तर करून दाव. मला मागं बशीव आन् करंजीचा घाट उतर. ब्रेकला हात न्हाई, पाय न्हाई. उतरला तर पोरगी तुझी. न्हाईतर शेवगावच्या मास्तरचं स्थळ हाय."

निघताना दाराशी मी शोभाला दबक्या आवाजात विचारलं, "त्या मास्तरांकडे कुठली गाडी आहे?"

"सायकल," ती आत वडिलांकडे बघत म्हणाली. "दादांनी त्यांना तर काहीच विचारलं नाही."

*

शेडमध्ये सर कागद घेऊन बसले. मोटर किती धरेल, बॅटरी किती घेईल. पहिल्यासारखं आवळू नये म्हणून त्यांनी डब्यात फेरफार केले. डबा म्हणजे सरांनी स्वतः बनवलेला कंट्रोल, सीटखाली बसवलेला. मला एवढंच कळत होतं की तो डबा आणि मी मिळून शोभाला आणणार आहोत.

मामांना बसवायच्या आधी रंगीत तालीम करायची ठरली. मामांच्या वजनाचं ज्वारीचं पोतं मागच्या सीटवर उभं बांधलं. रौफभाईंनी त्याला मामा असं नावही ठेवलं. गाडी टेम्पोत घालून घाटमाथ्यावर नेली.

आता माझा शहाणपणा ऐका. परीक्षेला जाणाऱ्या पोराला आई जास्तीचा घास भरवते ना, तसं मी केलं. बॅटरी शेडमध्ये पूर्ण भरलेली होतीच. तरी घाटमाथ्याजवळच्या पिठाच्या गिरणीत वायर लावून, सर चहा पीत होते तेवढ्या वेळात, तिला आणखी ठासून भरली. म्हटलं, ऐन वेळी कमी पडायला नको.

निघालो. मागे टेम्पोत सर आणि रौफभाई. पहिला उतार लागला, मी रेस सोडली आणि वाट बघायला लागलो, की आता धरेल. गाडी धरेना. मीटरचा काटा शून्यावर मेल्यासारखा पडलेला. वेग वाढला. परत रेस दिली, परत सोडली. काही नाही! जन्मापासून न्यूट्रल हे मामांचे शब्द कानात वाजायला लागले.

शेवटी ब्रेक दाबले. पण आमच्या गाडीचे ब्रेक मूळच्या हलक्या मोटरसायकलचे. त्यावर एवढ्या बॅटऱ्या आणि पाठीवर ज्वारीचे मामा! ड्रममधून तोच वास यायला लागला, इमामपूरचा. एक वळण घेतलं तेव्हा पाय जमिनीला घासला. दुसऱ्या वळणाला पोतं एका बाजूला कललं आणि गाडीला दरीकडे ओढायला लागलं. मी मोठमोठ्यानं रडत होतो, हे कुणाला सांगितलं नव्हतं इतकी वर्षं.

तिसऱ्या वळणावर रस्त्याच्या कामासाठी टाकलेला मुरमाचा ढीग दिसला. दरी का मुरूम? मुरूम! हँडल वळवलं आणि घुसलो. गाडी ढिगात, मी ढिगावर, आणि पोतं वरून जे गेलं ते रस्त्याच्या मधोमध फुटलं. सगळ्या घाटात ज्वारी. वरच्या कड्यावरून शेळ्यांचा कळप धडाधड खाली उतरला आणि जेवायला बसला.

टेम्पो येऊन थांबला. रौफभाईंनी खाली उडी मारली, एकदा माझ्याकडे, एकदा रस्त्याकडे बघितलं आणि बोंब ठोकली, "सर! मामा सांडले!"

सर मात्र गाडीपाशी उकिडवे बसले होते. बॅटरीवर हात ठेवून म्हणाले, "हिला कुणी भरलं?" मी हात वर केला. "अरे वेड्या, गळ्यापर्यंत जेवलेल्याला आणखी वाढलं तर तो घेईल का? मोटर वीज देत होती, ठेवायला जागा कुठे होती? डब्यानं बॅटरी वाचवायला लाइनच तोडली. आणि लाइन तुटली की ब्रेक गेला."

मग त्यांनी माझं डोकं छातीशी धरलं.

*

शेळ्या होत्या म्हणजे शेळ्यांवाला होता. त्यानं वरून ऐकलं, मामा सांडले. त्यानं खाली येऊन काय झालं ते विचारावं ना? नाही. तो सरळ तिसगावच्या बाजारात गेला. दुपारपर्यंत बातमी अशी झाली की किसन ड्रायव्हरला घाटात एका पोरानं गाडीवरून पाडलं आणि मामा जागच्या जागी गेले.

मामा ड्यूटी संपवून घरी आले तर दारात ही गर्दी. बायका ऊर बडवताहेत, भावकीतल्या एकानं बांबूसुद्धा आणलेले. मामा गर्दीच्या मागे उभे राहून शेजारच्याला विचारतात, "कोन गेलं रं?"

शेजारी डोळे पुसत म्हणाला, "किसन ड्रायव्हर."

हे मला कळलं तेव्हा वाटलं, संपलं सगळं. तरी माफी मागायला जायलाच हवं होतं. दुसऱ्या दिवशी एसटीत चढलो आणि बघतो तर स्टेअरिंगवर मामाच! उतरायची सोय नव्हती, कंडक्टरनं घंटी मारली होती. ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला धरून मी उभा राहिलो. पूर्ण घाटभर बस दुसऱ्या गेअरमध्ये ओरडत होती आणि मामा एक अक्षर बोलले नाहीत. आरशातून मात्र माझ्यावर नजर होती. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

करंजी आली तेव्हा म्हणाले, "माझ्या मयतीला अख्खं गाव आल्तं. पन कोन्च्या गेअरला मेलो, त्ये इचाराया एकालाबी सुचलं न्हाई."

घरी शोभानं पाणी दिलं. बापाच्या मरणाचं दुःख तिनं आदली दुपारभर सोसलं होतं, डोळे अजून सुजलेले. मला तोंड वर करवेना.

"दादा पुढच्या रविवारी मास्तरांना होकार कळवणार आहेत," ती म्हणाली. "तुम्हाला उतरायचं असलं तर त्याच्या आधी उतरा." मग पेला परत घेताना हळूच, "आणि पडू नका."

*

मामांनी शनिवार दिला. त्या आठवड्यात मी जेवलो किती, झोपलो किती, मला आठवत नाही. सर मात्र खुशीत होते, कारण त्यांना रोग सापडला होता. "घाट उतरायच्या आधी बॅटरी अर्धपोटी पाहिजे," एवढंच त्यांचं औषध. रौफभाईंनी मागचे ब्रेक लायनर नवे टाकले आणि पहिल्यांदाच, स्वतःहून, मला म्हणाले, "न्यूट्रल की बात भूल जा."

शनिवारी सकाळी निघताना सरांच्या मिसेस, मार्थाबाई, शेडवर आल्या. त्या कधी येत नसत. त्यांनी माझ्या हातात जेवणाचा डबा दिला, कपाळावर हात ठेवला. सर टेम्पोत चढत सांगत होते, "बघ मार्था, आज काटा कसा उलटा जातो. सगळा करंट परत येईल!"

"तुमचा करंट नाही आला तरी चालेल," मार्थाबाई म्हणाल्या. "पोर परत आणा."

*

घाटमाथ्यावर मामा आधीच येऊन बसलेले. सुट्टीचा दिवस, तरी अंगात खाकी. आम्ही गाडी उतरवली आणि मी सपाटीवर फेऱ्या मारत सुटलो, बॅटरीला भूक लागावी म्हणून. मामांना वाटलं, पोरगं घाबरून गोल गोल फिरतंय. घाबरलो होतोच, ते काही खोटं नव्हतं. शेवटी सरांनी मीटर बघितलं आणि मान हलवली.

मामांनी गाडीला एक चक्कर मारली. चाकं दाबली, चेन ओढून बघितली. सीटखालच्या डब्याकडे संशयानं पाहिलं. मग रस्त्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि मागे बसले. गाडी कुईं करून खाली दबली.

"उजवा पाय ब्रेकवरनं काढ. ह्यो हिकडं, रॉडवर ठिव. हाताची बोटं दिसली पायजेत मला. ब्रेकला शिवला की तिथंच उतरनार मी. मग शोभीचं नाव काढायचं न्हाई."

"व्हय मामा."

सर डोळे मिटून पुटपुटत होते. रौफभाईंनीही दोन्ही तळवे वर केले. मी रेस दिली.

उतार लागला. मी रेस सोडली, आणि गाडीनं धरलं! काटा सावकाश उलटा कलला. कुणीतरी मागून शर्ट धरून ठेवावा तशी गाडी संथ, एका चालीनं उतरायला लागली. पहिलं वळण गेलं. मी मनात शोभाला म्हटलं, आलोच.

आणि तेवढ्यात मागून आवाज आला. घुंऽऽऽ.

बारीक, खालच्या पट्टीतला, घुमणारा. आमच्या गाडीला आवाज नसतो! मोटरचं बेअरिंग! बेअरिंग जायला लागलं की असंच घुमतं, मी दुकानात हजारदा ऐकलेलं. आणि जाता जाता जाम झालं तर? मागचं चाक जागच्या जागी आवळणार, एमआयडीसीत आवळलं होतं तसं. तिथे बाभळ होती. इथे दरी आहे, आणि मागे शोभाचा बाप.

वळण संपून रस्ता जरा सपाट झाला, आवाज थांबला. हायसं वाटलं. पुढचा उतार लागताच परत, घुंऽऽऽ. आता आणखी मोठा. जितका उतार जास्त तितका आवाज जास्त. बेअरिंगच! दुसरं काय असणार?

खालून उसाचा ट्रॅक्टर येत होता, मागे दोन ट्रॉल्या, अर्धा रस्ता अडवून. माझी बोटं ब्रेककडे वळवळायला लागली. दाबला तर शोभा गेली. नाही दाबला आणि चाक जाम झालं तर आम्ही दोघंही त्या ट्रॉल्यांखाली. मी ओरडलो, "मामा! आवाज ऐकू येतोय का?"

आवाज एकदम बंद झाला.

"कसला आवाज?" मामा म्हणाले. "म्होरं बग!"

ट्रॅक्टर अगदी अंगाजवळून गेला, उसाची पानं माझ्या कानाला घासली. बोटं मी तशीच ताठ धरून ठेवली. आणि ट्रॅक्टर मागे पडला, उतार पुन्हा लागला, तसा तो आवाज आणखी जोरात सुरू झाला. घुंऽऽऽ! मी देवाला, बुद्धाला, सरांच्या प्रभूला, सगळ्यांना हाका मारल्या.

मग ते बेअरिंग खोकलं.

मी आरशात बघितलं. मामांचे दोन्ही हात छातीसमोर, हवेत गोल धरलेले. वळण डावीकडे आलं की हात डावीकडे फिरायचे, उजवीकडे आलं की उजवीकडे. गाल फुगलेले, नजर रस्त्यावर, आणि मिशीखालून चाललेलं, घुंऽऽऽ.

मी मान पुढे केली. हसू इतकं दाबलं की डोळ्यांतून पाणी आलं. उरलेला घाट आम्ही दोघांनी मिळून उतरला. गाडी धरत होती आणि मामा आवाज देत होते. करंजीचं पहिलं घर दिसलं, रस्ता सपाट झाला, मी रेस दिली, आणि कानामागे तोंडानंच आवाज झाला, "खट्ट!" मग लगेच वरच्या पट्टीत, घुंऽऽऽ.

समोरून पाथर्डी डेपोची बस आली. ड्रायव्हरनं मामांना ओळखून हात केला. मामांनी हात केला नाही. त्यांचे दोन्ही हात कामात होते.

तिसगावात त्यांच्या दारासमोर मी गाडी थांबवली. शोभा उंबऱ्यावर उभी होती, ओढणीचं टोक मुठीत आवळून. मागे अजून चालूच होतं, हळूहळू उतरत, घुर्र, घुर्र. मी उतरलो नाही. शेवटी दातांतून एक लांब "फुस्सऽऽ" झालं, आणि मामा खाली उतरले. रस्त्याकडेला जाऊन त्यांनी एक चांगला मोठा धोंडा निवडला.

"उतरा जावईबापू," ते म्हणाले. "मी चाकाला दगड लावतो."